बजरंगचे सकाळचे गुण

माघातली सकाळ सेलूच्या जिनिंगमध्ये एकदम येत नाही. आधी पूर्वेकडच्या कुंपणाच्या तारा दिसू लागतात, मग त्या तारांना अडकलेले कापसाचे पुंजके, आणि मग कितीतरी वेळ दुसरे काहीच नाही. ऊन अजून जमिनीवर उतरलेले नसते. ते पत्र्याच्या शेडच्या कडेवर थांबते, तिथून कापसाच्या गंजीच्या माथ्यावर येते, आणि गंजीच्या उतारावरून इतके सावकाश खाली सरकते की त्याच्याकडे पाहत राहणाऱ्याला ते सरकताना कधीच दिसत नाही. नजर दुसरीकडे वळवून परत आणली तरच कळते. त्या वेळी कापूस पांढरा नसतो. तो आधी राखेसारखा असतो, मग उकळून जुन्या झालेल्या दुधासारखा, आणि एखाद-दोन मिनिटे हळदीच्या हाताने कोणी कुरवाळून गेल्यासारखा पिवळसर. कापूस पांढरा असतो ही दुपारची गोष्ट आहे. यंत्रे अजून सुरू झालेली नसतात, तरी आदल्या दिवशीचे कापसाचे तूस हवेत लोंबकळत असते, आणि वजनकाट्याच्या खोलीच्या खिडकीतून ऊन तिरपे आत आले की ते दिसू लागते: बारीक, निरुद्देश, वर जावे की खाली यावे हे न ठरलेले. ऊन टेबलावर येते. ओलावा मोजायचे यंत्र, पावत्यांचे पुस्तक, पाण्याचा पेला, यांना एकेक करून स्पर्श करते. शेवटी ते शेजारच्या टेबलाच्या रिकाम्या खुर्चीवर पोचते. त्या खुर्चीच्या पाठीवर एक निळी ओढणी असते, आदल्या संध्याकाळी विसरलेली.

ऊन त्या ओढणीवर आले की सात वाजून गेलेले असतात. मी मोबाईल उघडत असे तो त्याच वेळी.

आणि त्याच वेळी, सात ते सव्वासातच्या दरम्यान, बजरंगचे गुण वाढत. त्या दिवशी ते चारशे ऐंशीने वाढले.

‘बागबहार’ हा खेळ फुकट आहे. चौकोनात रंगीबेरंगी फुले असतात. शेजारच्या दोन फुलांची अदलाबदल करून एका रंगाची तीन जुळवली की ती उमलतात आणि नाहीशी होतात. ठरलेल्या चालींत बाग पूर्ण झाली नाही, तर एक मडके पाणी सांडते. मडकी पाच. सांडलेले मडके अर्ध्या तासाने आपोआप भरते. ज्याला अर्धा तास धीर धरवत नाही त्याच्यासाठी दोन वाटा ठेवलेल्या आहेत. एक तर तीस सेकंदांची जाहिरात पाहावी आणि मडके मिळवावे, नाही तर पैसे देऊन पेटी घ्यावी. पेटीत मडकी असतात, वाढीव चाली असतात, आणि एका फेरीत अर्धी बाग उमलवून टाकणारा सोनेरी भुंगा असतो. दहा खेळाडूंचा मिळून एक ताटवा होतो आणि ताटव्यात कोणाचे गुण किती हे सर्वांना दिसते.

आमचा ताटवा अर्पिताने काढला होता. ती जिनिंगमध्ये संगणकावर नोंदी करते. मी काट्यावर गाड्यांचे वजन आणि कापसाचा ओलावा पाहतो. आमच्या टेबलांमध्ये साडेतीन फुटांचे अंतर आहे. तिच्या धाकट्या भावाने एकदा आईच्या मोबाईलवरून पेट्या उघडल्या होत्या आणि त्यांच्या घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोलले नव्हते. म्हणून ताटव्याचा एकच नियम तिने केला होता. जाहिराती कितीही पाहा, पेटी घ्यायची नाही.

पहिले दोन महिने मी सर्वांच्या वर होतो. सकाळी ती आली की खुर्चीवर बसण्याआधी मला नावाने हाक मारून म्हणे, “काय परमेश्वर, आज पण तुमीच वर!” मी हसत असे, किंवा हसण्यासारखे काहीतरी करत असे. त्या एका वाक्यावर माझा दिवस निघे. संध्याकाळी खोलीवर गेल्यावर मी जाहिरातीमागून जाहिराती पाहत असे, साबणाच्या, कर्जाच्या, ज्यातला राजा बुडतो आहे अशा खेळांच्या, आणि त्या प्रत्येक तीस सेकंदांत मला तिचे ते वाक्य पुढच्या सकाळसाठी साठत असल्यासारखे वाटे.

मग ताटव्यातला एक जण लग्न होऊन पुण्याला गेला आणि जागा रिकामी झाली. “कुणी हाय का ओळखीचं?” असे अर्पिताने विचारले, तेव्हा बजरंगचे नाव मीच सुचवले.

बजरंग राणीसावरगावचा. परभणीला वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो. मी त्याला गणित शिकवत असे, आणि तो शिकत नसे. उदाहरणाकडे इतका वेळ पाहत बसे की मला वाटे याला झोप लागली. अकरावीनंतर त्याने शिक्षण सोडले आणि वडिलांबरोबर मेंढरांमागे गेला. त्याचे नाव सुचवताना मी त्याच्या भल्याचा विचार केला होता असे मी स्वतःला सांगितले होते. खरे तर मला जागा भरणारा आणि वर न येणारा माणूस हवा होता.

तो तीन आठवड्यांत वर आला.

गुणांचे मी सहन केले असते, असे मला वाटते. पण ताटव्याच्या गप्पांमध्ये तो सकाळी सकाळी लिहू लागला. “आज बोकड ओढ्यात पडलं. लागलं न्हाई, लाजलं.” अर्पिता टेबलाशी एकटीच हसे आणि ते हसू तिच्या चेहऱ्यावर पहिल्या गाडीच्या वजनापर्यंत टिके. तिने त्याला पहिल्याच दिवशी ‘तुमी’ लिहिले, तेव्हा त्याने उत्तर दिले होते, “मला तुमी म्हनू नका, मेंढरं हसतील.” त्या क्षणापासून तो तिच्यासाठी ‘तू’ झाला. मी तीन हंगाम ‘तुमी’ होतो. या शब्दाला मी आजवर आदर समजत आलो होतो; आता तो मला काट्याच्या खोलीच्या दारासारखा वाटू लागला, जे माझ्याच बाजूने बंद असते.

एकदा तिने त्याला लिहिले, “मडकं संपलं तर जाहिरात बघ की.” त्यावर त्याने लिहिले, “कुठली जाहिरात? मला तर एक बी दिसत न्हाई.” हे वाक्य मी पुन्हापुन्हा वाचले. जाहिराती कोणाला दिसत नाहीत? ज्याने त्या बंद करण्याचे पैसे भरले आहेत त्याला. मेंढरांना हल्ली भाव आहे, असेही मला कोणाकडून तरी ऐकल्याचे आठवले.

जिनिंगच्या फाटकाशी केवळाबाईंचे चहाचे दुकान आहे. कापसाच्या गाड्या पहाटेपासून रांगेत लागतात आणि नंबर येईपर्यंत चालकांच्या हातात मोबाईलच असतो. त्या चारशे ऐंशीच्या सकाळी मी चहाला गेलो, तेव्हा टेम्पोवाले धोंडीबा मामा आपला मोबाईल सर्वांपुढे धरून उभे होते.

“हे बगा, राजा बुडायलाय. पानी गळ्यापतूर आलंय. म्या म्हनलं वाचवावं बिचाऱ्याला. बोट लावलं, तर दुसराच गेम उतरला, आन त्यात राजाच न्हाई!”

“मामा, त्यो राजा चार सालापासून बुडायलाय,” पिकअपवाला रामहरी म्हणाला. “तुमच्या भरवशावर ऱ्हायला असता तर कवाच गेला असता.”

केवळाबाईंनी गाळणी झटकली. “मला तर जाहिरात बरी वाटती बाई. ती लागली की माझा च्या गाळून व्हतो. नुसता गेम असता तर रोज दूध उतू गेलं असतं.”

“मावशी, तुमी पक्क्या फुकट्या.”

“फुकट्या कोन रं? अर्धा मिनिट त्याची साबन बघते, ते काय कमी हाय? अर्ध्या मिनटात माझा एक कप जातो. आन तुज्या त्या कपाचे पैसे कालपासून न्हाईत, त्ये बी सांग सगळ्याला.”

सगळे हसले. रामहरीने खिशात हात घातला आणि तसाच ठेवला. “म्या जाहिराती बंद करायचे पैसे देतो म्हैन्याला. कधी पेटी बी घेतो. काय गुन्हा केला? दिसभर स्टिअरिंग माझ्या हातात, पैसा माझा. जत्रत पाळन्यात बसता तवा देताच की. मंग हितंच कामून जीव जायलाय?”

“पाळन्यात बस की,” धोंडीबा मामा म्हणाले. “पर पाळन्यात पैसे देऊन तू माझ्याहून वर न्हाई जात. दोघं बी तेवढंच वर जाताव, आन तेवढंच वरडताव. हितं पैसेवाला वर, आन आमी खालून बगायचं. ह्येला खेळनं म्हनत न्हाईत.”

“ज्यानं गेम बनवला त्यानं काय खावं मंग? तुमच्या शिव्या?”

“त्यानं माझी जाहिरात खावी. म्या बगतो की. राजा मरूस्तोर बगतो.”

मी कधी अशा बोलण्यात तोंड घालत नाही. त्या दिवशी घातले. “एखाद्याचे गुण रात्रभर हलत नसतील आणि सकाळी एकदम पाचशे वाढत असतील तर?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. काट्यावरचा माणूस बोलतो हे त्यांना नवीन होते.

“पेटी,” रामहरी म्हणाला. “दुसरं काय? सकाळी उठलं की उघडायची. म्या सोता तसंच करतो.”

चहा थंड झाला होता. पण मला कितीतरी दिवसांनी बरे वाटले.

त्या दुपारी मी खेळाच्या पानावर अभिप्राय लिहिला आणि पाचपैकी दोन तारे दिले. मी लिहिले: “हा खेळ सुंदर आहे आणि तो बनवणाऱ्यांनी त्यावर पोट भरावे याबद्दल माझी तक्रार नाही. जाहिरात पाहणारा आपला वेळ देतो, आणि वेळ गरिबाकडेही असतो. पण पेटी घेणारा हरण्यातून सुटका विकत घेतो. त्याच्या शेजारी जो प्रामाणिकपणे हरतो आहे, त्याला आपण हरत नसून लुटले जात आहोत हे कळतही नाही. पेट्या बंद करा, किंवा निदान कोणी घेतली ते सर्वांना दिसू द्या.” दोन दिवसांत एकसष्ट जणांनी तो अभिप्राय उपयुक्त ठरवला. कोणी खाली लिहिले, “मनातलं बोललात.” त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते की तो एका माणसाविषयी लिहिला होता. मला हेवा वाटत नाही, मला अन्यायाची चीड आहे, असे मी त्या काळात स्वतःला वारंवार सांगत असे; इतक्या वारंवार, की खरोखर चीड असलेल्या माणसाला तशी गरज पडत नसावी.

मग मी एक पेटी घेतली. एकोणनव्वद रुपयांची. ती पुरावा म्हणून घेतली. पेटीने गुण कसे वाढतात हे पाहिल्याशिवाय एखाद्यावर आरोप करणे योग्य नव्हे, असा माझा युक्तिवाद होता आणि तो मला त्या वेळी थोर वाटला. भुंग्याने तीन बागा उमलवल्या. माझे गुण तीनशेवीसने वाढले. मी वर गेलो. एक संध्याकाळ मी वर होतो.

सकाळी ओढणीवर ऊन आले आणि बजरंग माझ्याहून चाळीसने पुढे होता. त्याखाली अर्पिताने लिहिले होते, “अरे बजरंग, लय भारी! जेवतोस काय तू?”

ती आली, तिने संगणक सुरू केला, आणि मी ते साडेतीन फूट ओलांडले.

“अर्पिता, एक बोलायचं होतं.”

“बोला की. आज सूर्य कुणीकडून उगवला?”

“बजरंग पेट्या घेतो असं मला वाटतं.”

तिची बोटे कळफलकावर थांबली. “कशावरून?”

“रात्री त्याचे गुण हलत नाहीत. सकाळी सातनंतर एकदम चारशे-पाचशे वाढतात. रोज. खेळून गुण असे वाढत नाहीत, थोडे थोडे वाढतात. आणि त्याला जाहिराती दिसत नाहीत हे त्यानंच लिहिलं आहे.”

“तुमी लय बारीक ध्यान ठेवलंय की.”

“ताटव्यासाठी.”

तिने खिडकीतून गंजीकडे पाहिले. “मला वाटलं न्हाई तसं त्याचं,” ती म्हणाली. “पण मला कुणी फसवलं ना परमेश्वर, तर लय लागतं. घरात बघितलंय मी.” मग तिने ताटव्यात लिहिले: उद्या संध्याकाळपर्यंत सर्वांनी आपल्या खरेदीच्या पानाचा फोटो टाकावा.

माझ्या हातातला पावत्यांचा गठ्ठा ओला झाला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “तुमचं ऱ्हाऊ द्या. तुमचं काय बघायचं?”

मी मान हलवली. ती मान हलवल्याचे मला अजून आठवते. मानेच्या एका बाजूला ऊन होते.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाकी आठही जणांचे फोटो आले. बजरंगचा आला नाही. तो काही बोललाही नाही. सकाळी त्याचे गुण वाढले नाहीत आणि बोकडाची बातमी आली नाही. मी मनात म्हटले, पकडला गेलेला माणूस असाच गप्प बसतो. संध्याकाळी सहाला अर्पिताने त्याला ताटव्यातून काढले. मोबाईल पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, “वाटलं नव्हतं.” त्या दिवशी ती ओढणी विसरली नाही.

मी पुन्हा सर्वांच्या वर होतो. पुढच्या सकाळी ऊन रिकाम्या खुर्चीवर आले, ती आली, बसली, आणि काहीच म्हणाली नाही.

रविवारची सुटी घेऊन मी झरीला घरी गेलो. आदल्या दिवशी वडिलांचा फोन आला होता: “ओढ्याकाठच्या तुकड्यात मेंढरं बसवलीत. येऊन बगून जा.” कापूस निघाल्यावर आमच्याकडे शेतात मेंढरे बसवतात, चार-सहा रात्री कळप शेतात राहतो, जमिनीला खत मिळते, मेंढपाळाला ज्वारी मिळते. आईने भाकऱ्यांचे फडके माझ्या हातात दिले, “त्या लेकराला दे, दोन दिसापासून नीट जेवलं न्हाई म्हनत्यात,” आणि मी ओढ्याकडे उतरलो.

ते लेकरू बजरंग होते.

तो बांधाला टेकून बसला होता, मांडीवर ओले कोकरू होते, आणि मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून छातीच्या खिशात ठेवलेला होता. मला पाहून त्याचा चेहरा असा उघडला की मी जागीच थांबलो.

“आरं परमा! काट्यावर बसून तुजंच वजन वाढलं की रं!”

“तू इथे कसा?”

“कसा म्हंजे? तुज्या बाबाला म्याच इचारलं. म्हनलं आमच्या परमाचं रान हाय, सोडून दुसरीकडं कामून बसावं?” त्याने कोकराचे तोंड पुसले. “ह्येची माय दोन दिस अडली व्हती. डोळ्याला डोळा न्हाई. मेसेज बिसेज काय बगायलाच गेलो न्हाई.”

“बघायला गेला नाहीस म्हणजे?”

त्याने माझ्याकडे वेड्याकडे पाहावे तसे पाहिले. “ह्या खोलग्यात कुठली रेंज? तुजंच रान, तुला म्हाईत न्हाई?”

मला माहीत होते. लहानपणापासून माहीत होते. वडिलांना फोन करायचा तर ते सडकेच्या पुलावर येईपर्यंत थांबावे लागते, हे मला माझ्या नावाइतके माहीत होते.

“आमाला रानं मिळतेत ती अशीच,” तो म्हणत होता. “रेंजवाल्या रानात कोन मेंढरं बसवतंय? दिस उगवला की मेंढरं वर काढायच्या टायमाला सडकंवर येताव. तिथं एक दांडी येती. घरचे मेसेज येतेत, आन गेमचं दिसभराचं सगळं एकदम चढतं.”

“आणि जाहिराती?”

“रेंजच न्हाई तर जाहिरात कुठून येती? पेटीचं बटन बी मेलेलं असतं. पाच मडकी, बास. सांडली की अर्धा तास मेंढरं मोजायची. आर्पिताला म्या म्हनलं बी, मला एक बी दिसत न्हाई. एकदा बगायची हाय मला, त्यो राजा म्हनं बुडायलाय.”

भाकरी खाऊन झाल्यावर त्याने पिशवीतून मोबाईल काढला आणि बाग उघडली. मी त्याच्या शेजारी बसलो. त्याने बोट लावले नाही. तो पाहत राहिला. एक मेंढी तुरीच्या कुडाकडे निघाली. तो उठला, तिला वळवून आणले, बसला, आणि पुन्हा तसाच पाहत राहिला. वसतिगृहात तो उदाहरणाकडे पाहायचा तसाच. मला डाव्या कोपऱ्यात तीन निळी फुले जुळताना दिसत होती आणि माझे बोट शिवशिवत होते.

“ती निळी घे ना,” मी शेवटी म्हणालो.

“घेतली असती. पर ती आत्ता काढली की वरचं लाल खाली येऊन अडकतंय. मंग सातव्या चालीला रडायचं.” त्याने उजवीकडे, जिथे मला काहीच दिसत नव्हते, तिथे एक फूल सरकवले. “मडकी पाचच हायत रं. सांडलं की सांडलं.”

मी ती निळी फुले घेतली असती. सातव्या चालीला अडकलो असतो, जाहिरात लावली असती, आणि त्या तीस सेकंदांत अर्पिताचा विचार केला असता. इतक्या महिन्यांत मी एकाही बागेकडे पूर्ण एक मिनिट पाहिलेले नव्हते.

ती बाग त्याने चार चाली राखून पूर्ण केली. मी दिवसभर तिथे होतो. त्याला काही सांगितले नाही.

सोमवारी पहाटे मला सेलूला परतायचे होते आणि कळप वर काढायचा होता, म्हणून आम्ही बरोबरच सडकेकडे निघालो. कोकरू त्याच्या घोंगडीत होते. दव पडले होते. पुलाच्या कठड्यावर ऊन आले होते, आणि मेंढरांच्या पाठी आधी राखेसारख्या दिसत होत्या, मग उकळलेल्या दुधासारख्या. त्याने मोबाईल डोक्याच्या वर धरला.

तो किणकिणू लागला. बजरंगने तो खाली घेतला, ओठ हलवत वाचले, आणि पुन्हा वाचले.

“तुम्हाला ताटव्यातून काढण्यात आले आहे,” तो मोठ्याने म्हणाला. “म्हंजे? म्या काय केलं?” मग त्याला अर्पिताची सूचना सापडली. त्याने खरेदीचे पान उघडले. तिथे एकच ओळ होती, येथे अजून काही नाही, आणि त्याखाली पांढरे. “आता कोऱ्या पानाचा काय फोटो काढावा?” असे पुटपुटत त्याने तो काढला आणि हात पुन्हा उंच करून अर्पिताला पाठवला. त्यात राग नव्हता. शाळेत छडी कशाबद्दल बसली हे न कळलेल्या मुलाचा चेहरा असतो तसा त्याचा चेहरा होता, आणि मला तो रागापेक्षा जड गेला.

“तुजं बी पाठवलंस का?” त्याने विचारले.

“माझं मागितलं नाही.”

“कामून?”

मी माझा मोबाईल काढला, पान उघडले आणि त्याच्यापुढे धरले. एक पेटी, एकोणनव्वद रुपये, तारीख. मी म्हणालो, “तिला तुझ्याबद्दल मी सांगितलं. तू पेट्या घेतोस म्हणून.”

त्याने त्या ओळीकडे बागेकडे पाहावे तसे पाहिले. मेंढरे आमच्या दोन्ही बाजूंनी सडक ओलांडत होती. मी काहीही ऐकायला तयार होतो.

“ह्या तारखंला?” तो म्हणाला. “ह्येच्या दुसऱ्या दिशी सकाळी तर म्या चाळीसनं वर व्हतो.” त्याने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर निर्भेळ आश्चर्य होते. “पेटी घेऊन बी, परमा?”

त्याने खांद्यावरची काठी घेतली, सर्वांत मागे राहिलेल्या मेंढीला हाक घातली, आणि कळपाच्या मागे निघाला. थोड्या अंतरावर गेल्यावर न वळता म्हणाला, “भाकरीचं फडकं बांधावर ऱ्हायलंय. मायला सांग.”

मी कठड्यापाशी उभा राहिलो. माझ्या पानाचा फोटो काढला आणि ताटव्यात टाकला, सर्वांना दिसेल असा. खाली अर्पिताला लिहिले की बजरंगच्या रानात रेंज नसते, त्याचे दिवसभराचे गुण सकाळी एकदम चढतात, पेटी मी घेतली होती, फक्त मी. मोबाईलवर ती लिहीत असल्याचे दिसले. मग ते थांबले. पुन्हा दिसले, पुन्हा थांबले. बऱ्याच वेळाने बजरंगला ताटव्यात पुन्हा बोलावल्याची सूचना दिसली आणि तिच्याखाली एक ओळ आली: “बजरंग, परत ये.” माझ्यासाठी काही नव्हते. ऊन आता पुलावरून माझ्या बुटांपर्यंत आले होते, आणि ती खुर्चीवर बसलेली असणार, ओढणी अंगावर घेऊन.

एसटी येताना दिसत होती. मी लिहिलेले पुन्हा वाचले. सगळे खरे होते, तरी काही राहिले होते. पेटीचे नव्हे, रेंजचे नव्हे. ते मला कितीतरी आठवड्यांपासून रोज सकाळी सात ते सव्वासातच्या दरम्यान दिसत होते. मी ते तिला लिहिले आणि मोबाईल बंद केला.

बजरंग माझ्यापेक्षा चांगला खेळतो.